प्रश्न तुमचे : बक्षीस कशाला द्यायचं?

प्रश्न : आमच्या पर्यावरण मंडळाने प्लास्टिकच्या बाटल्या जमवण्याची आंतरवर्गीय स्पर्धा ठेवली. मुलं हुरूपाने बाटल्या आणतात, पण शाळेतला कचरा होता तेवढाच आहे. कुठे चुकतंय? (एक शिक्षिका)

उत्तर : स्पर्धेच्या नियमातच. ज्याच्या बाटल्या जास्त त्याला बक्षीस म्हटलं की नवी बाटली विकत घेणं फायद्याचं ठरतं. बक्षीस द्यायचं तर कचरा कमी केल्याबद्दल द्या. कमी झाला की नाही हे कळायला मात्र आधी मोजणी हवी.

शाळेचे सलग पाच दिवस निवडा. परीक्षा किंवा सहलीचा आठवडा नको, तेव्हाचा कचरा वेगळाच असतो. सफाई कर्मचाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. हे राहून जातं आणि मुलं हातमोजे घालून पोहोचतात तोवर टोपल्या रिकाम्या झालेल्या असतात. एक ताडपत्री, जाड रबरी हातमोजे, चिमटे, पाच बादल्या आणि दहा किलोपर्यंतचा लटकवायचा काटा एवढं सामान पुरतं. रिकाम्या बादलीचं वजन आधी लिहून ठेवा, ते दर वेळी वजा करायचं आहे. स्वच्छतागृहातल्या टोपल्या या मोजणीत घेऊ नका, आणि फुटकी काच मोठ्या माणसानेच उचलावी.

ढीग पाच करा : एका बाजूने कोरा असलेला कागद, दोन्ही बाजूंनी वापरलेला कागद, वेष्टनं, उरलेलं अन्न आणि बाकीचं सगळं. अर्धवट भरलेल्या बाटल्यांतलं पाणी आधी ओतून टाका, नाहीतर तुम्ही पाणीच तोलाल. वेष्टनांचं वजन करून उपयोग नाही. ती इतकी हलकी असतात की काट्यावर नगण्य दिसतात. ती मोजा. प्रत्येक ढिगाच्या आकड्याला त्या दिवशीच्या हजेरीने भागा, म्हणजे गैरहजेरीमुळे फसगत होणार नाही.

एक उदाहरण घेऊ. 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद जवळजवळ 5 ग्रॅमचा असतो, म्हणजे किलोला 200 कागद. पहिल्या ढिगात रोज तीन किलो निघाले तर 600 कागद एका बाजूने कोरे गेले. मग मुलांनाच माग काढू द्या. बहुतेकदा गाडी कार्यालयातल्या प्रिंटरपाशी थांबते, कारण तो एकाच बाजूने छापायला लावलेला असतो. सेटिंग बदलायला मिनिटभर लागतं. मुलांना हे सापडतं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. घोषणाफलक रंगवून ही गंमत येत नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि सहा आठवड्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा पाच दिवस मोजा. चार बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. कोणत्या मुलाच्या डब्यात पाकीट निघालं, याची नावं फळ्यावर कधीही लिहू नका. मुलं वेष्टनं दप्तरात लपवून घरी नेतात आणि तुमचा आकडा फुकाचा सुधारतो.

प्रश्न : वर्गात सगळ्यांनी कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली घ्यायची ठरली आहे. माझी जुनी प्लास्टिकची बाटली चांगली आहे. टाकून देऊ का? (एक विद्यार्थी, नववी)

उत्तर : अजिबात नको. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2011च्या अहवालात हिशोब आहे : हवामानावरचा भार पाहिला, तर एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. प्रत्येक कार्यक्रमात नवी पिशवी वाटली आणि ती कपाटात पडून राहिली, तर तोटाच. आहे ते टिकवा. बाटली गळत असेल तर झाकणातली रबरी रिंग उलटून पाहा किंवा तेवढीच बदला. दप्तराची चेन लावल्यावर मागून उघडत जात असेल तर दाते बहुधा ठीक असतात, रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अलगद, थोड्या थोड्या दाबा. एकदम जोर लावलात तर रनर अडकेल किंवा मोडेल. दप्तर आणखी वर्षभर सहज चालेल.

प्रश्न : शाळेतल्या कंपोस्टच्या खड्ड्याला भयंकर वास येतो. बंद करावा का?

उत्तर : बंद करू नका, कोरडा पालापाचोळा वाढवा. एक बादली अन्नाला दोन ते तीन बादल्या वाळलेली पानं. मूठभर माल दाबून पाहा : एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर फार ओला आहे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कमी पडते आहे, आठवड्यातून एकदा उलथापालथ करा. अमोनियाचा झोंबरा वास आला तर अन्न जास्त आणि पानं कमी पडली आहेत.