वितीत मावणारा शार्क: पिल्लू की प्रौढ?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: ड्वार्फ लँटर्नशार्क हे एखाद्या मोठ्या जातीचे पिल्लू तर नसेल ना, आणि अंधारात लपून राहणाऱ्या माशाच्या अंगावर प्रकाश कशासाठी असतो?

पहिल्या शंकेचे उत्तर मादीच्या पोटातच मिळते. स्प्रिंगर आणि बर्जेस यांनी १९८५ साली एट्मोप्टेरस पेरीआय या नावाने वर्णिलेली ही जात कोलंबिया व व्हेनेझुएलाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत, सुमारे २८३ ते ४३९ मीटर खोलीवर आढळते. तिची लांबी साधारण २० सेंटिमीटरच्या आसपासच थांबते आणि एवढ्याशा माद्यांच्या पोटात वाढणारे गर्भ सापडले आहेत. अंडी पोटातच उबून पिल्ले जन्मतात, ती एका वेळी दोन किंवा तीन. जन्मतःच पिल्लू साडेपाच ते सहा सेंटिमीटरचे, म्हणजे आईच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे असते. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या व्हेल शार्क या जगातील सर्वांत मोठ्या माशाच्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० गर्भ निघाले होते. तिथे उदंड जागा होती. इथे मात्र दोन-तीन पिल्लांतच पोट भरून जाते आणि ती तयार होऊनच बाहेर पडतात. या माशाच्या जीवशास्त्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

आता प्रकाशाविषयी. त्या खोलीवर पूर्ण काळोख नसतो, दिवसा वरून मंद निळसर उजेड झिरपत असतो आणि त्यामुळे खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला वरच्या माशाची सावलीसारखी आकृती दिसू शकते. या शार्कच्या पोटाकडच्या त्वचेत प्रकाश देणारे सूक्ष्म अवयव असतात. त्यांचा उजेड वरच्या उजेडाशी मिळताजुळता झाला की ती आकृती पुसली जाते. म्हणजे हा प्रकाश लपण्यासाठीच आहे. याच वंशातील एट्मोप्टेरस स्पायनॅक्सवरील प्रयोगांत असे दिसले की, या अवयवांचे नियंत्रण मुख्यतः संप्रेरकांकडे असते: मेलाटोनिन आणि प्रोलॅक्टिन त्यांना उजळवतात, तर दुसरे एक संप्रेरक त्यांना विझवते.

ड्वार्फ लँटर्नशार्कला दिले जाणारे ‘जगातील सर्वांत लहान शार्क’ हे बिरुद मात्र जपून वापरावे. स्क्वालिओलस लॅटिकॉडस या वेगळ्या कुळातल्या शार्कचे नरही सुमारे १५ सेंटिमीटर लांबीवरच प्रजननक्षम होतात, त्यामुळे तुलना कमाल लांबीची आहे की प्रौढत्वाच्या वेळच्या लांबीची, हे आधी ठरवावे लागते.