जूनपासून संडे स्कूल घेणार, आणि आताच प्रार्थना सुकली

सलाम ताई. मुलांना शिकवायच्या आधीच प्रार्थनेत मन लागेनासं झालं, म्हणून घाबरू नकोस. बाप्तिस्मा झाल्यावर येशूलाही आत्म्याने आधी रानात नेलं, 40 दिवस. शिकवणं त्यानंतर (मत्तय 4). तेव्हा 'मला पाचारणच (देवाचं बोलावणंच) नव्हतं' असं इतक्यात ठरवू नकोस. नवखे बहुतेक इथेच माघार घेतात.

दुसरी चूक म्हणजे उपास वाढवत जाणं. पहिल्या वर्षी मी तेच केलं. रात्री जागले, आणि रविवारी एका चिमुरड्यावर ओरडले. त्याचा चेहरा अजून आठवतो. संदेष्टा एलीया 'आता पुरे' म्हणून रतामाच्या झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा (1 राजे 19). नीट जेव, झोप.

सध्या एवढंच कर:
- एक वचन वहीत लिहून मोठ्याने म्हण. रानात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलीच होती.
- मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईला खरं ते सांग. एकीलाच, सगळ्यांना नाही.

आत्म्यांची पारख (मनातली प्रेरणा देवाकडून आहे की नाही हे ओळखणं) वगैरे पुढे बघू. आधी मुलांची नावं पाठ कर.