शाळा बंद असताना बाल-अत्याचाराच्या तक्रारी घटतात, म्हणजे अत्याचारही घटतात का?

नाही, बहुतेक वेळा अत्याचार घडतच राहतात आणि घटते ती त्यांची नोंद. अंगावरचे वळ, अचानक आलेला अबोला, घरी जायची टाळाटाळ, या खुणा मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाच्या लक्षात येतात, आणि शाळा बंद झाली की घराबाहेरची ती नजरच नाहीशी होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मार्च-एप्रिल २०२० मधील तक्रारी अपेक्षेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळल्या व संशोधकांनी त्याचे मुख्य कारण शाळाबंदी हेच मानले. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्यातील आश्रमशाळांची मुले पाड्यावर परतली की शिक्षक आणि अधीक्षक दोघेही दुरावतात. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पण तिच्यासाठी हाताशी फोन आणि रेंज हवी. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, परंतु मूल नजरेसच पडले नाही तर कळवणार तरी काय? मात्र तक्रारी घटल्या एवढ्यावरून अत्याचार वाढले असेही सिद्ध होत नाही, कारण ज्या मुलाचा छळ शाळेत किंवा वसतिगृहातच होत असतो, त्याची या काळात तात्पुरती सुटकाही झालेली असू शकते.