गाडी घरी आली पाहिजे

वाळूज एमआयडीसी,
छत्रपती संभाजीनगर

पोरी,

परवा शेडवर आलीस, माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "काका, मलाही एन्ड्युरन्स रेस करायचीय, ती तासन्तास चालणारी. सीएनसी मशीनचे हप्ते फिटले की गाडीच घेते." तेव्हा डिस्पॅचची घाई होती, धड बोलणं झालं नाही. म्हणून लिहितोय.

घे. पण हप्ते फिटले त्याच महिन्यात नको. गाडीची किंमत सगळेच मोजतात. टायर, इंजिन उघडायचा खर्च, चेन्नईपर्यंत हजारावर किलोमीटरचं ट्रकभाडं, हे नंतर अंगावर येतं. आधी सहा महिन्यांचे पगार आणि धातूचे बार पुरवणाऱ्याचं देणं बाजूला काढ. पोरांचा पगार लांबला असेल तर हेल्मेट घातल्यावरही तोच डोक्यात राहतो, आणि वळणात शिरताना डोकं रिकामंच लागतं.

माझं सांगतो. एका वर्षी श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर जायच्या आठवड्यातच मोठी ऑर्डर निघायची होती. ब्रेक ऑइल बदलायचं राहिलं, राहू दिलं. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की तोच आकडा १५५ वर येऊ शकतो. त्यात पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आतली उष्णता लवकर निघत नाही. ऑइल उकळलं आणि सातव्या फेरीला ब्रेकचं पेडल खाली गेलं. मऊ, पावसानंतरच्या काळ्या रानात पाय रुततो तसं. गिअर खाली घेत घेत गाडी मातीत उतरवली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. चूक मात्र आठ दिवस आधी या शेडवर झाली होती, आणि ती माझी होती.

आमच्या आजोबांचे बैल शंकरपटात पळायचे. पट काही सेकंदांचा; पेंड, मालिश, खूर बघणं वर्षभर. एन्ड्युरन्सला तर पटही लांब.

२०१६ चं ल माँ, फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, जरूर बघ. चोवीस तासांतली शेवटची काहीच मिनिटं उरलेली, टोयोटा पहिली, काझुकी नाकाजिमा स्टिअरिंगवर, आणि गाडीचा जोरच गेला. इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोपासून ती थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे हवा नेणाऱ्या पाइपचा एक जोड तुटला होता. पोर्शे जिंकली. टोयोटा कशीबशी रेषेपर्यंत आली, पण शेवटची फेरी ठरलेल्या वेळेत बसली नाही, म्हणून निकालात तिचं नावच नाही. पोरी, असेच जोड, बुश, फिटिंग आपण दिवसभर काढतो. माप तपासायच्या गेजमध्ये न बसलेला जॉब "चालून जाईल" म्हणत ट्रेमध्ये टाकणाऱ्यावर मी का चिडतो, ते तुला तिथं दिसेल.

ल माँला उतरलेला पहिला भारतीय करुण चांढोक. २०१२ ला त्यांची गाडी सहावी आली. तिघांनी आळीपाळीने चालवलेली एकच गाडी. एकाने क्लच जाळला की तिघंही घरी. ही सवय तुला लागायला हवी, वेग नंतर येईल.

रेसिंग लायसन्सचं एफएमएससीआयकडे, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या संघटनेकडे बघू, त्याची घाई नाही. रविवारी सकाळी सातला ये, ड्रम काढून ठेवतो. ऑइल तू बदल, पेडल मी दाबतो. जुने कपडे घाल, आणि पत्र्यावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धू, रंग उडतो.

तुझा,
वाळूजचा काका