हवामान-अनुकूल शेती : नाव ठाऊक, कारण?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटातील बहुतेक सदस्य तिशीच्या आतले आहेत. ‘हवामान-अनुकूल शेती’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो; पण अर्थ विचारला, की कुणी ठिबक म्हणतो, कुणी सेंद्रिय शेती. आमचे ज्ञान कितपत खरे आहे, हे कसे ओळखावे?
— एक तरुण शेतकरी

उत्तर : आपल्या सदस्यांची उत्तरे चुकीची नाहीत, अपुरी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये ही संकल्पना मांडताना तीन उद्दिष्टे सांगितली : उत्पादन व उत्पन्न वाढावे, बदलत्या हवामानाला तोंड देता यावे आणि शक्य तेथे हरितगृह वायूंचे, म्हणजे वातावरणात उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचे, उत्सर्जन घटावे. एखादी पद्धत यांपैकी काय साधते, कशामुळे साधते आणि कोठे फसते, हे ज्याला सांगता येते, त्याला ती कळली असे मी मानतो.

भाताचेच पाहा. खाचरात सतत पाणी साचले की मातीत हवा शिरत नाही आणि हवेविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन हा हरितगृह वायू तयार करतात; म्हणून पाणी आलटून-पालटून देण्याची पद्धत निघाली. भोके पाडलेली नळी जमिनीत बसवून तिच्यातील माती काढून टाकतात. आतले पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले, की पुन्हा सुमारे ५ सेंटिमीटर पाणी भरतात. पाणी वाचते, मिथेनही बरेच घटते. एवढे पुष्कळांना पाठ असते. मात्र फुलोऱ्याच्या सुमारास खाचर कोरडे पडू द्यायचे नसते, कारण त्या वेळच्या ताणाने दाणे पोचट राहतात; आणि ओल-कोरडीच्या या फेऱ्यांत युरिया गरजेपेक्षा जास्त पडला, तर नायट्रस ऑक्साइड वाढतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. ज्ञानाची खरी पारख होते ती या दोन ठिकाणी.

ठिबकालाही हेच लागू आहे. वाचलेल्या पाण्यावर लगेच बागायत वाढवली, तर विहिरीची पातळी काही सावरत नाही, आणि हे दृकश्राव्य फितीत सहसा कुणी सांगत नाही.

तेव्हा पुढची बैठक बांधावर घ्यावी. भात असेल तर नळीत काठी बुडवून पाणी मोजावे, नसेल तर मुळांजवळची माती मुठीत दाबून पाहावी, आणि आज पाणी द्यायचे की नाही, हे प्रत्येकाने कारणासह सांगावे.