कल्याणमधल्या तीन वेगळ्या पंथांच्या चर्चना मिळून गरजूंसाठी जेवण सुरू करायचंय. असं जमतं का, आणि किचन एकच ठेवावं का?

जमतं. पण एकच मोठं किचन वगैरे आधी डोक्यातून काढून टाका.

मी सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. परळला आमचं चर्च, एक कॅथलिक पॅरिश (त्यांची स्थानिक मंडळी) आणि एक मेथडिस्ट मंडळी मिळून टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण देतो. एकत्र येण्याचा खरा फायदा पैशात नाहीये, आठवड्याचे वार वाटून घेण्यात आहे. आधी काय व्हायचं, रविवारी उपासना झाली की आम्ही हजर, पॅरिशवाले हजर, वर कुणाचा तरी वाढदिवस म्हणून गाडी भरून पुलाव, एकेकाच्या हातात दोन दोन डबे आणि मंगळवारी बघावं तर काळं कुत्रं नाही. आता वार वाटून घेतलेत आणि रविवार मुद्दाम कुणालाच दिलेला नाही, त्या दिवशी देणारे तसेही भरपूर असतात. त्यामुळे ज्याचा वार त्याचं किचन, त्याचा सिलेंडर, त्याचा हिशोब. जॉइंट अकाउंट उघडूच नका, पैशावरून भांडणं तिथूनच सुरू होतात.

पंथांचं म्हणाल तर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झालं तेव्हा अमेरिकन मिशनवाले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, त्यावरून आमचे म्हातारे अजून टोमणे मारतात, आणि कॅथलिकांबरोबर प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेता येत नाही ते नाहीच. पण कांदा चिरताना हा विषय कुणी काढत नाही. वाद झाला तो धर्मप्रचाराची पत्रकं वाटण्यावरून. एकदोघांचं म्हणणं होतं की जेवणाबरोबर एक कागद दिला तर काय बिघडलं. फादर आणि आमचे पाळकसाहेब दोघंही ठाम, प्रार्थना काय करायची ती टोप उचलायच्या आधी किचनमध्ये, फुटपाथवर कागद नाही आणि भाषण पण नाही. मला हे शंभर टक्के पटतं. समोरच्याचं माणूस आत ॲडमिट आहे, तो कशालाही हो म्हणेल, त्याचा फायदा घ्यायचा नसतो. आणि आजकाल धर्मांतराचा संशय किती पटकन येतो ते तुम्हाला सांगायला नको.

मेनू व्हेजच ठेवा, सगळ्या धर्माचे लोक असतात. आम्ही जास्त करून मुगाची खिचडी करतो, शंभर माणसांना साधारण आठ किलो तांदूळ, तीन किलो डाळ. टाटाला बिहार, यूपी, बंगालकडून माणसं येतात, ट्रीटमेंट महिनोन्महिने चालते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत पण सगळ्यांना कुठून पुरणार. त्यात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बरेच, त्यांना तिखट तर सोडा, साधा शिजलेला दाणा गिळायचे वांधे. म्हणून फोडणी घालायच्या आधीच एक पातेलं बाजूला काढतो, नुसतं हळद-मीठ, पाणी वाढवून डावाने घोटून पेजेसारखं पातळ करतो. पहिल्यांदा नातेवाईक लाजत विचारतात, "भैया, बिना मिर्ची का है क्या?", नंतर थेट रिकामा डबा घेऊन त्याच पातेल्याकडे येतात. नळीने फीडिंग चालू असेल तर मात्र आपण काही द्यायचं नाही, हॉस्पिटलचे डाएटिशियन सांगतील तेच.

2006 च्या फूड सेफ्टी कायद्यात नफा न कमावणारे पण धरलेत, त्यामुळे एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) रजिस्ट्रेशन आधीच करून घ्या. थर्माकोलच्या प्लेट राज्यात 2018 पासून बंद आहेत, पत्रावळी आणा नाहीतर लोकांना स्वतःचा डबा आणायला सांगा, आमच्याकडे डबाच चालतो.

तुमच्याकडे सुरू करायच्या आधी स्टेशनबाहेर, हॉस्पिटलबाहेर, जिथे देणार तिथल्या लोकांना एवढंच विचारा की कुठल्या वारी कुणीच येत नाही. मग तिन्ही चर्चची मीटिंग राखेच्या बुधवारच्या आधी घ्या, त्या दिवशी लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो आणि त्यात माणसं आपणहून नाव देतात (कॅथलिकांना शुक्रवारी मटण-चिकन चालत नाही, व्हेज मेनूवरून तेवढीच कटकट कमी). ईस्टरनंतर त्यातली निम्मी गळणार असं धरूनच किती वार घ्यायचे ते ठरवा. दोनच वार निघाले तरी चालतील.