हाताने बनवलेलं मासेमारीचं सेंटरपिन रीळ इतकं महाग का असतं?

पैसे पडतात ते मधल्या पोलादी पिनचे आणि तिच्यावर फिरणाऱ्या बुशचे, म्हणजे ड्रमच्या मधोमध बसवलेल्या नळीचे. या रिळात गिअर नसतात. इंग्लंडमध्ये ट्रेंटसारख्या नदीत फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगणारा तुकडा, प्रवाहाबरोबर सोडतात, तेव्हा त्याच्या हलक्या ओढीनेच दोरी गुंडाळलेला ड्रम फिरायला हवा. फिट घट्ट झाला तर ड्रम अडतो, सैल झाला तर डुगडुगतो. मी टूलरूममध्ये लेथवर असतो, म्हणून सांगतो: ड्रम टर्न करणं त्या मानाने सोपं, वेळ जातो तो लॅपिंगमध्ये, म्हणजे बारीक पावडरने घासून अचूक मापाला आणण्यात. टिचकी मारून किती वेळ फिरतं हे सगळेच बघतात, खरी कसोटी किती कमी ओढीत सुरू होतं ही. मात्र वेगवान पाण्यात बॉल बेअरिंगचं साधं रीळही छान चालतं. तिथे जादा पैसे निव्वळ हौसेचे.